उद्याचं पान

समीक्षा लिहायला माणूस प्राध्यापक असावा लागतो, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. निदान त्याला दाढी तरी असावी, आणि बोलता बोलता मधेच छताकडे बघायची सवय. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. आजवर ज्या लिखाणावर मी अधिकृत मत दिलं ते लिखाण म्हणजे चेकवरची सही, आणि तेही मत 'जुळते' किंवा 'जुळत नाही' यापलीकडे कधी गेलं नाही. पण ज्या पुस्तकांबद्दल प्राध्यापक बोलत नाहीत, त्यांच्याबद्दल कारकुनानं बोलायला काय हरकत आहे? कुणाच्या पोटावर पाय येत नाही.

पुस्तक आहे सुहास शिरवळकरांची 'समांतर' ही कादंबरी. ती मी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा कॉलेजात, ऑडिटिंगच्या तासाला. दुसऱ्यांदा 2020 साली तिच्यावर वेब मालिका निघाली तेव्हा. (मालिका बघून झाल्यावर 'मूळ पुस्तक याहून चांगलं आहे' असं म्हणायचं असेल तर ते पुन्हा वाचावं लागतं.) आणि तिसऱ्यांदा 2024 च्या श्रावणात, वेळणेश्वरला, अण्णाकाकांच्या माजघरात, कंदिलाच्या उजेडात. या तिसऱ्या वाचनाबद्दल मला सांगायचंय. पण रहस्यकथेत एकदम शेवटाकडे उडी मारायची नसते, म्हणून आधी थोडं मागं जातो.

रहस्यकादंबऱ्यांवर पोसलेल्या माणसाला काही गोष्टी पाठ असतात. पावसाळी रात्र असली की खून होणार. चांदणी रात्र असली की आधी प्रेम होणार आणि मग खून. या पुस्तकांत फोनची घंटा वाजत नाही, ती खणाणते. दार उघडत नाही, करकरतं. चेहरा नुसता पांढरा पडत नाही, पांढराफटक पडतो. मुंबईच्या मे महिन्यात एक इसम काळा ओव्हरकोट घालून फिरत असतो. संशयावरून नव्हे, तर निदान प्रकृतीच्या काळजीनं तरी पोलिसांनी त्याला थांबवावं की नाही? पण पोलीस शेवटच्या प्रकरणापर्यंत येतच नाहीत. प्रेताजवळ अर्धवट ओढलेल्या सिगारेटचं थोटूक सापडतं. आमच्या हेडकॅशियरला हे कधीच पटलं नाही. त्याचं म्हणणं, अर्धी सिगारेट फेकून देणारा माणूस इतका हिशेबी खून करूच शकत नाही.

या सगळ्या प्रकाराला शिस्त लावायचा प्रयत्न 1929 साली इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका धर्मगुरूनं केला. गृहस्थ स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी रहस्यकथेसाठी दहा आज्ञा घालून दिल्या. गोष्टीत दैवी चमत्कार आणायचे नाहीत. गुप्त भुयार एकापेक्षा जास्त नको. (एक चालेल. धर्मगुरू दयाळू होते.) जो पुरावा डिटेक्टिव्हला सापडेल तो तिथल्या तिथे वाचकालाही दाखवायचा, लपवायचा नाही. आणि दहावी आज्ञा अशी की, जुळे भाऊ किंवा एकासारखी एक दिसणारी माणसं, वाचकाच्या मनाची आधी तयारी केल्याखेरीज आणायची नाहीत.

मराठीत या आज्ञा कुणी फारशा मनावर घेतल्या नाहीत, हे आपलं भाग्य. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळापहाड असे एकेक नायक उभे करून हजारावर पुस्तकं लिहिली. गुरुनाथ नाईकांनीही हजाराची वेस ओलांडली. नारायण धारपांनी तर दैवी चमत्कारांचा कारखानाच काढला होता. एवढे खून, एवढी भुतं आणि एवढे ओव्हरकोट पचवून महाराष्ट्रातला मध्यमवर्ग रोज सकाळी 8.12 ची लोकल पकडत होता. म्हणूनच पचवत असेल कदाचित.

आमच्या घरी मात्र या पुस्तकांना बंदी होती. बाबा मुंबईत एका कचेरीत कारकून. माणूस अबोल, काटकसरी आणि टापटिपीचा. रोज रात्री जेवणं झाली की ते घरखर्चाची कीर्द लिहायचे. काडेपेटी 2, कोथिंबीर, पोस्टकार्डं 3, सगळं पैशापैशाला. शिल्लक जुळली की वही मिटायची आणि दिवाही मिटायचा.

शनिवारी माझी शाळा सकाळची असे. येताना मी डोंबिवली स्टेशनजवळच्या एका वाचनालयातून रहस्यकादंबरी आणायचो. भाडं दिवसाला 25 पैसे. ती नकाशासंग्रहात घालून वाचायची. आता एखादा मुलगा दोन तास मान वर न करता, श्वास रोखून नकाशासंग्रह वाचतोय, हे पाहून कुठल्या बापाला संशय येणार नाही? बाबा अर्ध्या दिवसाची कचेरी करून आले की माझ्यामागे येऊन उभे राहायचे आणि ब्राझीलच्या नकाशामागून पुस्तक ओढून काढायचे. "डोकी बिघडतात यानं," एवढंच एक वाक्य. पुस्तक जप्त. मग सोमवारी कचेरीला जाता जाता ते स्वतः वाचनालयात परत देत आणि दोन दिवसांचं भाडंही भरत. मला वाटायचं, शिक्षा म्हणून माझ्या वाढदिवसाच्या कपड्यांतून ते वसूल होणार.

17 ऑगस्ट 1991, शनिवार. नेहमीप्रमाणे पुस्तक जप्त झालं. पण या खेपेला मी भडकलो, कारण शेवटची दोनच प्रकरणं राहिली होती. मी बाबांशी बोलणं टाकलं. रविवारी दिवसभर बोललो नाही. जेवताना आमटीसुद्धा आईकडे मागितली. सोमवारी पहाटे बाबा गेले. हृदयविकार. 48 पुरी व्हायला त्यांना एक महिना कमी होता. मला पंधरावं सरत आलं होतं.

विनोदी लेखात हे कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण पुरावा लपवायचा नाही, अशी धर्मगुरूंची आज्ञा आहे.

आता 'समांतर'कडे वळतो. शिरवळकर 1948 साली जन्मले आणि 2003 साली गेले. 'दुनियादारी'मुळे ते कॉलेजच्या पोरांचे लाडके झाले, पण रहस्यकादंबऱ्यांच्या दुकानातही त्यांचा माल भरपूर होता. त्यांच्या पदरी नायकांची तर फौजच होती: बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद. हाक मारली की हजर. असं असूनही 'समांतर'मध्ये त्यांनी यांपैकी एकालाही बोलावलं नाही. घेतला तो कुमार महाजन. संसारी माणूस, नोकरीला आणि नशिबाला सारखाच वैतागलेला. म्हणजे तुमच्या-माझ्यातला.

कुमार एका हात पाहणाऱ्याकडे जातो. तो सांगतो, असाच हात मी पूर्वी पाहिलाय. हीच रेघ न् रेघ. त्या माणसाचं नाव सुदर्शन चक्रपाणी. तो जे जगून बसलाय, तेच तू जगणार. झालं, कुमार त्या चक्रपाणीच्या शोधाला लागतो. पुढे त्याच्या हाती चक्रपाणीच्या डायऱ्या येतात, आणि उद्या आपलं काय होणार ते त्याला आज वाचता येतं.

यात नॉक्ससाहेबांच्या किती आज्ञा मोडल्या ते मोजा. दैवी चमत्कार नको म्हटलं, तर हे गृहस्थ सुरुवातीलाच हात दाखवायला बसले. जुळी माणसं नकोत म्हटलं, तर यांनी दोन माणसांचे चेहरे सारखे न करता आख्खी आयुष्यंच सारखी केली. पण गंमत अशी की, हे सगळं राजरोस. चोरानं आधी चौकीत नाव-पत्ता लिहून द्यावा आणि मग चोरीला जावं, तसं. त्यामुळे वाचकाची फसवणूक झाली असं म्हणायची सोय नाही.

दुसरी गोष्ट. नेहमीच्या रहस्यकादंबरीत प्रेत मागे पडलेलं असतं आणि तपास पुढे चाललेला असतो. जे घडून गेलं ते कसं घडलं, एवढाच प्रश्न. इथे सगळं उलटं. जे घडायचंय त्याचा तपास. आणि तपास करणारा, संशयित आणि ज्याच्या जिवावर बेतलंय तो, तिन्ही माणसं एकच. आमच्या शाखेत रजेच्या दिवसांत एकच कारकून काउंटरवर बसतो, तोच आतल्या खोलीत जाऊन तपासतो आणि तोच शिक्का मारतो, त्यातला प्रकार. नियमात बसत नाही, पण काम होतं.

पण शिरवळकरांची खरी कमाल तिसऱ्या गोष्टीत आहे. रहस्यकादंबरी वाचणाऱ्या प्रत्येकाला एक वाईट खोड असते. उत्कंठा सोसेनाशी झाली की इकडेतिकडे बघून तो हळूच शेवटचं पान उलटतो. मग स्वतःशीच खजील होतो आणि जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं परत 112 व्या पानावर येतो. शिरवळकरांनी काय केलं, तर वाचकाची हीच खोड उचलून नायकाच्या हातात दिली. घे बाबा, तुझ्या आयुष्याचं पुढचं पान. वाचतोस? वाचशील तर सुखानं झोपशील का? न वाचशील तर झोप येईल का? वर्षानुवर्षं आम्ही पुस्तकांवर जो अन्याय केला, त्याचा इतका सभ्य सूड दुसऱ्या कुणी घेतलेला माझ्या वाचनात नाही.

कॉमर्सच्या माणसाला तर ही कादंबरी फारच जवळची वाटते. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या साधूनं दुहेरी नोंदीची पद्धत पहिल्यांदा छापून काढली. (धर्माच्या माणसांना हिशेबाची आणि खुनाची इतकी ओढ का, हा वेगळा विषय.) त्या पद्धतीत एकाच्या नावे पडलं की दुसऱ्याकडे जमा पडलंच पाहिजे. आणि पान भरलं की खाली लिहायचं 'पुढील पानावर', नव्या पानाच्या डोक्यावर लिहायचं 'मागील पानावरून'. कुमार महाजन हा या हिशेबानं स्वतंत्र माणूस नाहीच. ती चक्रपाणीची पुढे ओढलेली बाकी आहे. त्याची सगळी धडपड एवढ्याचसाठी की, या पानावर निदान एक तरी रक्कम आपल्या हातानं मांडता यावी.

दोष नाहीत असं नाही. वाक्यं तुटक, संवाद खटकेबाज, त्यामुळे पानं भराभर उलटतात. पण उलटताना कधी कधी वाटतं, जरा थांबू द्या की राव, माणूस काय विचार करतोय ते कळू द्या. नशीब म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाशी लेखक आपल्याला आणून सोडतो आणि स्वतः पुढच्या वळणावर पसार होतो. दुसरा दोष आमच्या सौ.नं काढला. चिपळूणला जाताना गाडीत मी तिला कथानक सांगत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या कुमारच्या बायकोचा हात कुणी बघितला का?" मी म्हटलं, कथेच्या दृष्टीनं त्याची गरज नाही. ती म्हणाली, "तेच म्हणते मी." आणि खिडकीकडे तोंड करून बसली. सगळ्या मराठी रहस्यवाङ्मयावर इतकी नेमकी समीक्षा मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

चिपळूणला आम्ही चाललो होतो त्याला कारण होतं. मला 48 पुरी व्हायला एक महिना राहिला होता. याबद्दल घरात कुणी काही बोलत नव्हतं, आणि इतकं ठरवून बोलत नव्हतं की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. आई रोज फोनवर माझं ब्लडप्रेशर विचारायची, लोक बँकेत मुदत ठेवीचा दर विचारतात तसं. "आज किती?" मी आकडा सांगायचो. "बरं," म्हणायची. शेवटी सौ.नं ठरवलं की श्रावणातल्या पहिल्या सोमवारी कुलदैवताला अभिषेक करायचा. गोखले, गाडगीळ अशा पुष्कळ घराण्यांसारखं आमचंही कुलदैवत वेळणेश्वर. आणि मी, दैवावर विश्वास नसलेला माणूस, पिशवीत 'समांतर' घालून निघालो.

वेळणेश्वर गुहागर तालुक्यात आहे. एस.टी. घाटी उतरून खाली येते, माडांची गर्दी सुरू होते, आणि मग एकदम अर्धचंद्रासारखा किनारा आणि त्याला लागून शंकराचं देऊळ. दक्षिणेला हेदवी. तिथे बामणघळ नावाची खडकातली चीर आहे. भरतीला समुद्र त्या चिरेत घुसतो आणि पाणी तोफेसारखं वर उडतं. रहस्यकादंबरीकाराच्या हाती ही जागा लागली तर तिसऱ्या पानावर तिथे प्रेत सापडलंच म्हणून समजा. प्रत्यक्षात तिथे सापडतात ते भिजलेला मोबाइल झटकणारे पर्यटक. 2016 साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आल्यापासून तर कोकणातलं प्रत्येक जुनं घर संशयित झालंय. अण्णाकाकांकडे एकदा मुंबईचे पाहुणे आले होते. त्यांनी मागची विहीर पाहून हलक्या आवाजात विचारलं, "इथे काही आहे का हो?" काका म्हणाले, "आहे ना. पंप."

तर आम्ही पोचलो त्या रविवारी रात्री एका रहस्यकादंबरीला लागेल ते सगळं हजर होतं. धो धो पाऊस, समुद्राचा आवाज, गेलेली वीज, करकरणारं दार, भिंतीवर हलणाऱ्या सावल्या. फक्त खून व्हायचा बाकी होता. त्या जागी काकीनं गरम मऊभात वाढला. जेवून मी कंदिलापाशी 'समांतर' काढलं, तेवढ्यात काका माळ्यावरून एक ट्रंक उतरवून घेऊन आले. "ओल आली होती वरती. तुझ्या बाबाची आहे. बघ काय ठेवायचं नि काय टाकायचं."

मला लाज वाटली. पावसाळी रात्री, कोकणातल्या घरात, माळ्यावरची ट्रंक! इतका जुना तोडगा तर अर्नाळकरांनीही वापरताना दोनदा विचार केला असता. पण आयुष्याला चांगल्या संपादकाची सोय नसते. बाबा गेल्यावर डोंबिवलीच्या दोन खोल्यांत जागा नव्हती म्हणून आईनं ती ट्रंक गावी पाठवली होती. उघडली. आत बाबांच्या कीर्दी. वर्षाची एक, 1969 पासून 1991 पर्यंत.

म्हणजे कुमारच्या हाती चक्रपाणीच्या डायऱ्या, आणि माझ्या हाती या. मी हसलो. हसताना लक्षात आलं, हात जरा थरथरतोय.

वाचायला लागलो. वय वर्षं 35, पहिला चष्मा. मलाही तेव्हाच लागला. वय 41, दाढेत चांदी भरली. माझीही भरली, फक्त चांदीऐवजी सिमेंट आणि रुपयांऐवजी हजार. वय 44, अमृतांजनची बाटली महिन्याला एक, पुढे दोन. माझ्या टेबलाच्या खणात या घटकेला दोन आहेत. वय 46, छत्रीच्या दोन काड्या बदलल्या. मी नवी छत्री घेतली होती, तेव्हा या ठिकाणी मी नशिबावर मात केली असं म्हणायला हरकत नाही. पान उलटताना मी मधेच थांबत होतो. शेवटची तारीख मला माहीत होती. त्यापुढे वही कोरी असणार हेही माहीत होतं. कुमार महाजनला निदान पुढचं पान लिहिलेलं मिळालं होतं.

आणि तेवढ्यात माझ्यातला कारकून जागा झाला. 1988 च्या जूनपासून दर सोमवारी एक नोंद होती: 'किरकोळ, 50 पैसे'.

आता कोथिंबिरीची जुडी स्वतंत्र लिहिणाऱ्या माणसाच्या वहीत 'किरकोळ' हा शब्द येतोच कसा? आधीच्या 19 वर्षांत तो एकदाही आला नव्हता. शिवाय दर आठवड्याला तोच वार आणि तीच रक्कम येते, तेव्हा बँकेत आम्ही तिला किरकोळ म्हणत नाही, स्थायी आदेश म्हणतो. 50 पैसे म्हणजे 25 पैशांप्रमाणे दोन दिवसांचं भाडं, हे उघड होतं. पण मग खरा प्रश्न पुढे आला, आणि तो मला तब्बल 33 वर्षांत सुचला नव्हता. वाचनालय घरापासून पाच मिनिटांवर. रात्री नऊपर्यंत उघडं. पै न् पै जपणाऱ्या माणसानं जप्त केलेलं पुस्तक शनिवारी संध्याकाळीच परत का केलं नाही? 25 पैसे वाचले असते. सोमवारपर्यंत घरात ठेवून दोन दिवसांचे पैसे का भरले?

मी काकांकडे बघितलं. काका सुपारी कातरत होते.

"दादाला नाद लहानपणापासूनचा," ते म्हणाले. "इथे पोफळीत बसून झुंजार वाचायचा. आबांनी एकदा पुस्तक हिसकून विहिरीत टाकलंन. तर हा पठ्ठ्या विहिरीत उतरला. सुकवून वाचलंन पुढचं."

"मला तर म्हणायचे, डोकी बिघडतात."

"मग? अनुभवाचे बोल होते ते."

ट्रंकेच्या तळाशी एक पॉकेटबुक होतं. वेष्टन गेलेलं, पहिली काही पानं गळलेली, त्यामुळे नाव नाही न् लेखक नाही. पण मी ते ओळखलं. जिथे मी वाचायचा थांबलो होतो तिथे पानाचा कोपरा दुमडला होता, ती घडी अजून दिसत होती. बाबांनी तो कोपरा बोटानं सरळ करून ठेवला होता. आणि त्यापुढे एक प्रकरण सोडून, लोकलचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. शेवटची 11 पानं राहिली होती.

मी 1991 ची कीर्द पुन्हा उघडली. रविवार, 18 ऑगस्ट. जमा, खर्च, शिल्लक, सगळं बरोबर. पुढचं पान कोरं असेल असं मी धरून चाललो होतो. ते कोरं नव्हतं. टापटिपीच्या माणसानं झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाची तारीख आखून ठेवली होती: 19 ऑगस्ट, सोमवार. आणि खाली एकच नोंद. किरकोळ, 50 पैसे.

उद्याचं पान त्यांनी आज लिहून ठेवलं होतं. त्यावर मृत्यूचं काही नव्हतं, दैवाचं नव्हतं, माझ्या अबोल्याचंही नव्हतं. ज्या मुलानं बोलणं टाकलंय त्याच्या पुस्तकाचं भाडं तेवढं होतं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "वाच मोठ्यानं. 11 पानं तर आहेत."

मी वाचली. सौ. येऊन बसली, काकी भांडी तशीच टाकून आली. बाहेर पाऊस, आत कंदील. फोनची घंटा खणाणली, चेहरे पांढरेफटक पडले, शेवटच्या पानावर इन्स्पेक्टर आले. खुनी कोण ते मी सांगणार नाही, तेवढं पथ्य मी पाळतो. काका म्हणाले, "मला आधीच कळलं होतं," हे मागची एकशे तीस पानं न ऐकता. काकी म्हणाली, "मेला दिसायला सज्जन होता." मी मात्र पुस्तक मिटून म्हटलं, "बाबांना शेवटपर्यंत कळलंच नाही."

"कोण म्हणतो?" काका म्हणाले. "दादा शेवटचं पान आधी वाचायचा. नेहमीचा. आबांचा राग त्याच्यावरच तर होता."

'समांतर'बद्दलचं माझं मत त्या रात्री बदललं ते असं. शिरवळकर भीती दाखवतात ती पुढचं पान ठरलेलं असण्याची. ती भीती खरी आहे आणि त्यांनी ती इतक्या साध्या माणसाच्या मानगुटीवर बसवली म्हणून कादंबरी टिकली. पण मागचं पान आपण नीट वाचलेलं असतं, असं ती धरून चालते. माझी चूक तिथे होती. 33 वर्षं मी बाबांच्या वहीतली शेवटची ओळ 'जप्त' अशी वाचत होतो. ती 'किरकोळ' अशी होती.

सोमवारी अभिषेक झाला. गुरुजींनी वय विचारलं, मी सांगितलं, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. परतीच्या गाडीत मी हिशेब केला. 17 ऑगस्ट 1991 पासून त्या दिवसापर्यंत 12,042 दिवस. 25 पैशांप्रमाणे वाचनालयाचं देणं 3,010 रुपये 50 पैसे. पण वाचनालयाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि 25 पैशांचं नाणं 2011 साली चलनातून गेलं. तेव्हा हे खातं बुडीत धरावं लागणार. पुस्तक मी ठेवून घेतलंय. पुढे एक महिन्यानं 48 पुरी झाली. आई त्या दिवशी ब्लडप्रेशर विचारायला विसरली.

एक पुरावा मात्र मी तुमच्यापासून लपवला, तो कबूल करतो. 2020 साली ती वेब मालिका मी पाहिली असं सांगितलं. कशावर पाहिली ते सांगितलं नाही. आमचे चिरंजीव तेव्हा आठवीत होते. ऑनलाइन शाळेच्या नावाखाली भलतंसलतं बघतात म्हणून त्यांचा मोबाइल मी दर शनिवारी जप्त करत असे. सोमवारी परत.

घरखर्च मीही लिहितो, बँकेच्या जुन्या डायरीत. वेळणेश्वरहून आल्यावर 2020 ची डायरी काढून बघितली. दर महिन्याला मुलाच्या मोबाइलच्या रिचार्जवर काही रुपये जास्तीचे पडलेले, आणि त्यापुढे माझ्याच हातची एक शब्दाची नोंद. बाबांची कीर्द शेजारी ठेवली. 'कि'ची वेलांटी, 'ळ'चा पीळ, सगळं ताडून पाहिलं.

जुळते.